संयोजी ऊतकांच्या विकारांत आंत्रदाहाचे उपचार

न्यूयॉर्क येथील माउंट सिनाई रुग्णालयातून दहा वर्षांच्या अंतराने दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. १९३२ मध्ये बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर ह्यांनी लघ्वांत्राच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेषांत्रात, होणाऱ्या एका चिवट दाहाचे वर्णन केले. त्यासच आज आपण क्रोन-रोग म्हणतो. १९४२ मध्ये त्याच रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ पॉल क्लेम्पेरर ह्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह असा विचार मांडला की, ल्यूपस आणि त्वक्काठिण्य (स्क्लेरोडर्मा) हे वरवर अगदी भिन्न दिसणारे विकार संयोजी ऊतकाच्या सर्वांगव्यापी विकृतीचेच आविष्कार होत. त्यांनी योजलेले ‘कोलॅजन रोग’ हे नाव पुढे मागे पडले आणि ‘संयोजी ऊतकांचे विकार’ हे नाव रूढ झाले. एकाच रुग्णालयात आकारास आलेल्या ह्या दोन कल्पनांचे संसार मात्र पुढे विभक्त झाले. एक पोटाच्या तज्ज्ञांकडे गेली, दुसरी सांध्यांच्या. रुग्णाचे शरीर ही वाटणी मानीत नाही. आणि ज्याच्या देहात हे दोन्ही विकार एकत्र नांदतात त्याच्या वाट्यास अनेकदा दोन स्वतंत्र औषधपत्रे येतात, ज्यांपैकी एकातील औषध दुसऱ्यातील रोगास अपाय करू शकते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा अपाय आणि तो टाळण्याचे उपाय एवढाच मर्यादित आहे. येथे ‘आंत्रदाह’ ह्या शब्दाने क्रोन-रोग आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह हे दोन विकार अभिप्रेत आहेत. संयोजी ऊतकांच्या विकारांत ल्यूपस, त्वक्काठिण्य, श्योग्रेन-विकार, स्नायुदाह आणि संधिवाताभ संधिशोथ ह्यांचा विचार केला आहे. आंत्रदाहाच्या रुग्णांत जी सांधेदुखी वारंवार आढळते ती बहुधा ह्या वर्गातील नसते. ती आंत्रदाहाचीच सोबतीण असते. मोठ्या सांध्यांपैकी थोड्यांनाच ग्रासणारी आणि आतड्याच्या दाहाबरोबर चढणारी-उतरणारी असा तिचा एक प्रकार आहे. पाठीच्या कण्यास जखडणारा आणि आतड्याच्या चढउताराची पर्वा न करणारा असा दुसरा. ह्यांचे उपचार हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर विपुल लिहिले गेले आहे. दोन खरोखर वेगळे रोग एकाच रुग्णात असण्याचे प्रसंग त्या मानाने विरळ. पण उपचारकाची परीक्षा पाहणारे प्रसंग तेच होत.

उपचारांकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अपरिहार्य आहे : हा आंत्रदाहच आहे काय? ल्यूपसच्या रुग्णास पोटदुखी आणि अतिसार सुरू झाला म्हणजे आतड्याचा नवा रोग जडला असे मानण्याची घाई होते. वस्तुतः शक्यता अनेक आहेत. ल्यूपसमध्ये आतड्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचाच दाह होऊन आतड्याची भिंत सुजते; सी. टी. स्कॅनमध्ये त्या आतड्याचा आडवा छेद नेमबाजीच्या लक्ष्यचक्रासारखा दिसतो. त्वक्काठिण्यात आतड्याचे स्नायू दुर्बल होतात, अन्नरस एका जागी साचून राहतो, त्यात सूक्ष्मजंतूंची बेसुमार वाढ होते आणि त्यातून जुलाब व कृशता उद्भवते. येथे दाह नाहीच. काही दिवसांच्या प्रतिजैविकाने जे साधते ते स्टेरॉइडने साधणार नाही. दीर्घकाळ धुमसत राहिलेल्या संधिवाताभ संधिशोथात ॲमिलॉइड नावाचे प्रथिन आतड्यात साचूनही अतिसार होतो.

औषधांचा वाटा तर याहूनही मोठा आहे. स्टेरॉइडेतर वेदनाशामके लघ्वांत्रात व्रण पाडतात, आणि ते व्रण क्रोन-रोगाच्या व्रणांशी सहज गल्लत व्हावी इतके मिळतेजुळते असतात. ह्या औषधांमुळे विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिनचे प्रमाणही वाढते; म्हणजे ज्या चाचणीवर विसंबून आपण आंत्रदाहाचा संशय घेतो तीच फसवी ठरते. ल्यूपसजन्य मूत्रपिंडविकारात दिले जाणारे मायकोफेनोलेट हे औषध काही रुग्णांत असा बृहदांत्रदाह निर्माण करते की, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञास औषधाची माहिती दिली नसेल तर तो निःशंकपणे आंत्रदाहाचे निदान लिहील. ऊतकाचा तुकडा प्रयोगशाळेकडे धाडताना सोबतच्या कागदावर रुग्णाची सर्व औषधे लिहिण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. ह्या एका सवयीने जितके चुकीचे उपचार टळतील तितके एखाद्या महागड्या चाचणीने क्वचितच टळतील. दडपलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारा सायटोमेगॅलो विषाणू, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा सूक्ष्मजंतू, आणि उष्ण प्रदेशात स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी, ह्यांचाही शोध स्टेरॉइडची मात्रा वाढविण्यापूर्वीच घेतला पाहिजे. ह्यांतील शेवटचा तर स्टेरॉइड मिळताच सर्व शरीरभर पसरून प्राणघातक ठरू शकतो.

भारतात ह्या यादीच्या शिरोभागी क्षयरोग ठेवावा लागतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन-रोग ह्यांतील साम्य वैद्यकास शंभरांहून अधिक वर्षे छळीत आले आहे. १९१३ मध्ये ग्लासगो येथील शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल ह्यांनी आतड्याच्या अशा चिवट दाहाचे वर्णन केले. त्यांस हा रोग क्षयासारखा दिसला, पण क्षय नव्हे असे वाटले, आणि गुरांना होणाऱ्या क्षयसदृश आंत्ररोगाशी त्यांनी त्याची तुलना केली. दुर्बिणीतून पाहता आडवे व्रण, उंडुकाची विकृती आणि सताड उघडे राहिलेले शेषांत्राचे द्वार क्षयाकडे बोट दाखवितात. उभे लांबट व्रण, मध्ये मध्ये निरोगी राहिलेले आतडे, फरसबंदीसारखी उंचसखल श्लेष्मकला आणि गुदद्वाराभोवतीची नाडीव्रणे क्रोन-रोगाकडे. ऊतकात किलाटी कणार्बुदे सापडली तर प्रश्न सुटला. पण ती सापडतातच असे नाही. म्हणूनच आपल्याकडे संशयित रुग्णास आधी क्षयावरील औषधे देऊन दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा तपासावे आणि व्रण भरून आले आहेत काय ते पाहावे, ही पद्धत रूढ झाली. ती तर्कशुद्ध आहे. तथापि संयोजी ऊतकाचा विकार असलेल्या रुग्णात तिला दोन गालबोटे लागतात. पहिले असे की, रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील एंझाइमांस चेतवून प्रेड्निसोलोनचा निचरा जलद करते. स्टेरॉइडवर आटोक्यात असलेला ल्यूपस अशा वेळी उसळी घेतो आणि तो दोष औषधांच्या परस्परसंबंधाकडे न जाता रोगाच्या दुर्धरतेकडे जातो. दुसरे असे की, आयसोनियाझिड स्वतःच केंद्रकविरोधी प्रतिपिंड निर्माण करते आणि क्वचित औषधजन्य ल्यूपसही. त्यामुळे उपचार चालू असताना केलेल्या रक्ततपासणीचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

निदान पक्के झाले असे धरू. आता रोगाची तीव्रता मोजावयाची. व्रणयुक्त बृहदांत्रदाहासाठी ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स ह्यांनी १९५५ मध्ये घालून दिलेले निकष अद्याप प्रमाण मानले जातात. दिवसास सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत जलद नाडी, ज्वर, रक्तक्षय किंवा रक्तकणांच्या अवसादनाची वाढलेली गती ह्यांपैकी एक खूण असली म्हणजे आजार तीव्र समजावा. निकष सुटसुटीत आहेत. पण वाचकांच्या ध्यानात येईल की, ल्यूपस अथवा संधिवाताभ संधिशोथ असलेल्या रुग्णात रक्तक्षय आणि वाढलेली अवसादनगती ह्या दोन खुणा आतड्याशी काही संबंध नसतानाही हजर असू शकतात. म्हणजे शौचाची संख्या पुरी झाली की असा रुग्ण जवळजवळ आपोआप ‘तीव्र’ वर्गात जाऊन पडतो. सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची गत उलट आहे. ल्यूपस भडकलेला असतानाही ते पुष्कळदा वाढत नाही; म्हणून ल्यूपसच्या रुग्णात ते एकाएकी चढले तर आधी जंतुसंसर्गाचा विचार करावा. टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडविणारे औषध चालू असेल तर हे प्रथिन वाढूच शकत नाही. आतडे फुटले तरी रक्ताचा अहवाल शांत राहू शकतो. हे औषध घेणाऱ्यांत आतड्यास छिद्र पडण्याचा धोका ज्ञात असल्यामुळे ही शांतता विशेष भयावह होय. सारांश, ह्या रुग्णांत रक्ताच्या आकड्यांपेक्षा दुर्बिणीतून दिसणाऱ्या श्लेष्मकलेवर अधिक भिस्त ठेवावी.

आता औषधे. ह्या प्रकरणाचा प्रारंभ सल्फासलाझिनपासून करणे उचित, कारण दोन्ही रोगांच्या सीमेवर उभे असलेले हे पहिले औषध. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील प्राध्यापिका नाना स्वार्ट्झ ह्यांची धारणा अशी होती की, संधिवाताभ संधिशोथ हा जंतुजन्य असावा. तेव्हा जंतूंवर चालणारे सल्फापिरिडिन आणि सांध्यांच्या दाहावर चालणारा सॅलिसिलिक वर्गातील रेणू ह्यांची एकाच रेणूत सांगड घातली तर दुहेरी कार्य होईल, असा त्यांचा होरा होता. औषध सिद्ध झाले. १९४२ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या रुग्णांत त्याचा गुण ठळकपणे दिसून आला. सांध्यांच्या बाबतीत मात्र १९४९ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने प्रतिकूल कौल दिला आणि ज्या रोगासाठी औषध घडविले त्याच रोगाच्या चिकित्सेतून ते सुमारे तीस वर्षे हद्दपार झाले. १९८० च्या सुमारास बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी त्याचे पुनर्वसन केले.

मधल्या काळात ऑक्सफर्ड येथे आझाद खान आणि ट्रुलव्ह ह्यांनी केलेला १९७७ चा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. त्यांनी संपूर्ण औषध आणि त्याचे दोन घटक बस्तीच्या रूपाने वेगवेगळ्या रुग्णांस दिले. संपूर्ण औषधाने आणि ५-अमिनोसॅलिसिलिक आम्लाने आतड्यास सारखाच उतार पडला. सल्फापिरिडिनने फारसा नाही. म्हणजे बृहदांत्रातील सूक्ष्मजंतू रेणूमधील बंध तोडतात आणि सुटा झालेला सॅलिसिलिक वर्गातील घटक जागच्या जागी काम करतो. सल्फापिरिडिन हे केवळ वाहन. ह्या शोधातून मेसालामिन हे निव्वळ घटकाचे औषध निघाले आणि ते अधिक सुसह्य असल्यामुळे त्याने आंत्रदाहाच्या चिकित्सेत सल्फासलाझिनला मागे टाकले. परंतु सांध्यांवर काम करतो तो प्रामुख्याने सल्फापिरिडिन हा भाग, असे पुढील अभ्यासांवरून दिसते. ज्याला वाहन म्हणून टाकून दिले तेच सांध्यांचे औषध होते! तेव्हा सौम्य बृहदांत्रदाह आणि संधिवाताभ संधिशोथ असे जोडीने असलेल्या रुग्णास ‘नवे आणि सोसवणारे’ म्हणून मेसालामिन देणे म्हणजे त्याच्या सांध्यांचे औषध काढून घेणे होय. तेथे जुने औषधच श्रेयस्कर. ल्यूपसच्या रुग्णात मात्र उलट सल्ला द्यावा लागतो. सल्फा वर्गातील औषधांनी ल्यूपस भडकण्याची भीती असते आणि सल्फासलाझिनमुळे औषधजन्य ल्यूपस झाल्याची नोंद आहे. तेथे मेसालामिनच बरे. मात्र त्यामुळे क्वचित मूत्रपिंडाचा दाह होतो आणि ल्यूपसच्या रुग्णात तो ल्यूपसच्याच खाती जमा होण्याचा संभव असतो. म्हणून क्रिॲटिनिनची तपासणी नियमाने करीत जावी.

स्टेरॉइडांच्या बाबतीतही दोन्ही शाखांचा इतिहास समांतर आहे. फिलिप हेंच ह्यांनी १९४८ मध्ये मेयो चिकित्सालयात संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णास कॉर्टिसोन टोचले. १९५० मध्ये त्यांस केंडल आणि राइखश्टाइन ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ट्रुलव्ह व विट्स ह्यांनी २१० रुग्णांवरील चाचणीत कॉर्टिसोन बृहदांत्रदाहातही गुणकारी असल्याचे दाखविले. तेव्हापासून दोन्ही रोगांत ‘भडका उडाला की स्टेरॉइड’ हे सूत्र बनले आहे. बहुतेक रुग्णांत ते तात्पुरते चालून जाते. त्वक्काठिण्यात चालत नाही, आणि ही गोष्ट पोटाच्या तज्ज्ञास नेहमीच ठाऊक असते असे नाही.

समजा, चाळिशीतील एका स्त्रीस त्वक्काठिण्य जडून वर्षच झाले आहे. त्वचा भराभर घट्ट होत चालली आहे. तिला व्रणयुक्त बृहदांत्रदाहाचा मध्यम स्वरूपाचा झटका येतो. आंत्रविभागातील नेहमीच्या पद्धतीनुसार तिला रोज ४० मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन सुरू होते. आतडे शांत होऊ लागते. आणि काही आठवड्यांनी डोकेदुखी, अतिरक्तदाब आणि झपाट्याने मंदावत जाणारे मूत्रपिंड घेऊन ती परत येते. हा त्वक्काठिण्यातील मूत्रपिंडाचा तीव्र आघात होय. रोजच्या १५ मिलिग्रॅमच्या वर प्रेड्निसोलोन घेणाऱ्यांत, विशेषतः रोगाच्या आरंभीच्या काळात आणि त्वचेचा विस्तृत भाग व्यापणाऱ्या प्रकारात, त्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. कॅप्टोप्रिल वर्गातील औषधांमुळे आज अनेक रुग्ण ह्यातून वाचतात. पण काहींस कायमचे डायलिसिस लागते. ही घटना टाळता येण्याजोगी होती. अशा रुग्णास प्रथम मेसालामिन तोंडाने आणि बस्तीने द्यावे. ते अपुरे पडल्यास बृहदांत्रातच मोकळे होणारे ब्युडेसोनाइड द्यावे, कारण ते शोषले गेले तरी यकृतातून जाताना त्याचा बहुतांश नष्ट होतो. त्यानेही भागले नाही तर पूर्ण मात्रेतील प्रेड्निसोलोनकडे न वळता थेट पुढील पायरीवरील जैविक औषधाकडे वळावे. नाइलाजाने स्टेरॉइड द्यावेच लागले तर मात्रा आणि मुदत शक्य तितकी आखडून रक्तदाब रोज मोजावा, आणि हे काम रुग्णाच्या घरच्यांस शिकवून ठेवावे. तीव्र झटक्यात शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने तीन दिवसांत गुण न आल्यास सायक्लोस्पोरिन की इन्फ्लिक्सिमॅब हा प्रश्न इतर रुग्णांत खुला असतो. येथे तो खुला नाही, कारण सायक्लोस्पोरिनही मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांस आकुंचित करते. शल्यचिकित्सकास पहिल्याच दिवशी बोलावून ठेवावे.

प्रतिरक्षा मंदावणाऱ्या जुन्या औषधांपैकी ॲझाथायोप्रिन दोन्ही बाजूंस चालते आणि ल्यूपस व आंत्रदाह एकत्र असता त्यास पहिली पसंती देण्यास हरकत नाही. आशियातील लोकांत NUDT15 ह्या जनुकातील फेरफार युरोपीयांपेक्षा अधिक आढळतात व त्यामुळे अल्प मात्रेनेही श्वेतकणांचा धोकादायक ऱ्हास होऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. मेथोट्रेक्सेट संधिवाताभ संधिशोथाचा आधारस्तंभ आहे आणि १९९५ च्या चाचणीत आठवड्यास २५ मिलिग्रॅम टोचून दिले असता क्रोन-रोगातही ते उपयुक्त ठरले. व्रणयुक्त बृहदांत्रदाहात मात्र फ्रान्स आणि अमेरिकेतील चाचण्यांनी त्याविषयी निराशाच पदरी टाकली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आतड्यास उपकारक नाही, अपायकारकही नाही. ल्यूपसमध्ये ते आंत्रदाहासाठी थांबविण्याचे काही कारण नाही.

जैविक औषधांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टी. एन. एफ., ह्या दाहकारक प्रथिनास निष्प्रभ करणारी औषधे प्रथम संधिवाताभ संधिशोथात यशस्वी झाली आणि १९९७ मध्ये क्रोन-रोगात. त्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅबच्या ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो मात्रेने चार आठवड्यांत १०० पैकी ८१ रुग्णांस उतार पडला, तर निष्क्रिय औषधाने १७ रुग्णांस. साहजिकच असे वाटले की, एकाच प्रथिनास आवरणारी सर्व औषधे सारखीच. २००१ मध्ये एटानर्सेप्टने हा भ्रम दूर केला. तेच प्रथिन आवरणारे, सांध्यांवर तितकेच प्रभावी असलेले हे औषध क्रोन-रोगात निष्फळ ठरले. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब हे प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरील टी. एन. एफ.ला घट्ट पकडतात, एटानर्सेप्ट तितके पकडीत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. सांध्यांसाठी एटानर्सेप्ट घेत असलेल्या रुग्णात आंत्रदाह प्रकटला तर औषधाची मात्रा वाढवून उपयोग नाही, औषधच बदलले पाहिजे.

ह्याहून धडा देणारी घटना २०१२ ची. इंटरल्यूकिन-१७ ला अडविणारे सेक्युकिनुमॅब क्रोन-रोगात चालेल अशी सैद्धांतिक अपेक्षा होती. चाचणीत औषध मिळालेल्यांची प्रकृती निष्क्रिय औषध मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली. सांध्यांत जे द्रव्य दाह माजविते तेच आतड्याच्या अस्तराची डागडुजीही करीत असते. शरीरातील एखाद्या रेणूस ‘दाहकारक’ असे नाव देऊन टाकणे किती अपुरे आहे, हे ह्यावरून दिसते. ॲबाटासेप्ट आणि रिट्युक्सिमॅब ही संधिशोथातील मान्यवर औषधेही आंत्रदाहात निष्फळ ठरली आहेत.

इन्फ्लिक्सिमॅब ल्यूपसच्या रुग्णास द्यावे की नाही, ह्याविषयी मतभेद आहेत. टी. एन. एफ. दाबले असता इंटरफेरॉनचा मार्ग मोकळा होतो, आणि ल्यूपसमध्ये इंटरफेरॉनच कळीची भूमिका बजावते. हे औषध घेणाऱ्या अनेकांत केंद्रकविरोधी प्रतिपिंड उत्पन्न होतात. प्रत्यक्ष ल्यूपस त्यांपैकी थोड्यांतच होतो आणि औषध थांबविले की बहुधा ओसरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ रक्तात प्रतिपिंड आढळले म्हणून आंत्रदाहाच्या रुग्णास ह्या औषधापासून वंचित ठेवणे अन्यायाचे आहे; परंतु मूत्रपिंडास अथवा मेंदूस ग्रासणारा ल्यूपस जागृत असताना ते देणे साहसाचे आहे. अशा वेळी व्हेडोलिझुमॅब अधिक सुरक्षित. ते लसिकापेशींस आतड्यात शिरण्यापासून अडविते आणि उर्वरित शरीरास जवळजवळ स्पर्श करीत नाही. त्याच कारणाने ते सांध्यांस किंवा मूत्रपिंडास काहीही देऊ शकत नाही. ल्यूपसचे औषध शेजारी चालू ठेवावेच लागते. उस्टेकिनुमॅब आंत्रदाहात उपयोगी आहे. ल्यूपसवरील त्याची मोठी चाचणी यशाची आशा न उरल्यामुळे २०२० मध्ये थांबविण्यात आली, तथापि त्यामुळे ल्यूपस बळावतो असे दिसलेले नाही.

आणि पुन्हा क्षयरोग. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४८ जणांस पहिल्या तीन मात्रांच्या आतच रोग जडला आणि ४० जणांत तो फुफ्फुसाबाहेर होता. तेव्हापासून औषधापूर्वी सुप्त क्षयाचा शोध घेणे बंधनकारक झाले. परंतु आपला रुग्ण बहुधा आधीपासूनच स्टेरॉइडवर असतो, आणि अशा रुग्णात त्वचेवरील ट्यूबरक्युलिन-चाचणी व रक्तातील इंटरफेरॉन-चाचणी ह्या दोन्ही खोट्या नकारार्थी येऊ शकतात. भारतासारख्या देशात नकारार्थी उत्तरावर पूर्ण विसंबू नये. छातीचे चित्र, कुटुंबातील रोगाचा इतिहास आणि औषध सुरू झाल्यानंतरची जागरूकता ह्यांचे मोल चाचणीइतकेच आहे. शक्य असेल तर ही चाचणी संयोजी ऊतकाच्या विकाराचे निदान होताच, पहिली स्टेरॉइडची गोळी देण्यापूर्वीच करून तिचा निकाल जपून ठेवावा.

गोळीच्या रूपाने मिळणारी जॅनस-कायनेज-रोधके सांधे आणि आतडे ह्या दोहोंवर चालतात, म्हणून त्यांचा मोह पडतो. टोफासिटिनिब व्रणयुक्त बृहदांत्रदाहात उपयोगी, क्रोन-रोगात नाही, उपाडासिटिनिब दोहोंत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५० वर्षांवरील, हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिशोथाच्या रुग्णांत टोफासिटिनिबने हृदयाघात व कर्करोग ह्यांचे प्रमाण टी. एन. एफ.-रोधकांपेक्षा अधिक दिसले. शिवाय रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोकाही आहे. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंड असलेल्या ल्यूपसच्या रुग्णात ही औषधे टाळावीत. मुळात आंत्रदाह स्वतःच शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका दुप्पट-तिप्पट करतो. त्यात हे प्रतिपिंड आणि अंथरुणास खिळलेली अवस्था ह्यांची भर पडली म्हणजे आपत्ती दूर नसते. म्हणून असा रुग्ण तीव्र झटक्यासाठी रुग्णालयात दाखल झाला की, शौचावाटे रक्त जात असतानाही, त्यास प्रतिबंधक मात्रेत हेपारिन द्यावे. रक्त जाते आहे म्हणून हेपारिन थांबवावे हा सल्ला कनिष्ठ डॉक्टरांकडून, परिचारिकांकडून आणि कित्येकदा वरिष्ठांकडूनही हमखास मिळतो. जीवघेणा रक्तस्राव नसेल तर तो मानू नये.

तरुण स्त्रियांचा प्रश्न राहिला. ह्या जोडविकारांतील रुग्णांत त्यांची संख्या मोठी असते आणि अपत्याची इच्छा त्या पुष्कळदा दोन्ही तज्ज्ञांपैकी एकासही सांगत नाहीत, कारण कोणी विचारलेले नसते. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भास घातक आहेत आणि ती गर्भधारणेपूर्वीच थांबविली पाहिजेत, जॅनस-कायनेज-रोधकेही टाळावीत. ॲझाथायोप्रिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फॉलिक आम्लासह सल्फासलाझिन आणि टी. एन. एफ.-रोधके चालू ठेवता येतात. औषधांच्या भीतीने सर्वच औषधे सोडून गर्भारपणात दोन्ही रोग जागे होऊ देणे हा माता व बालक दोघांसही अधिक मोठा धोका होय. रक्तात रो-विरोधी प्रतिपिंड असतील तर गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा संभव असल्यामुळे प्रसूतितज्ज्ञास आधीच कळवावे. मायकोफेनोलेटऐवजी ॲझाथायोप्रिन सुरू करून मूत्रपिंड आणि आतडे दोन्ही काही महिने स्थिर राहिलेले पाहावयाचे असतात. म्हणून हा प्रश्न गर्भ राहिल्यावर नव्हे, पहिल्याच भेटीत विचारावयाचा आहे.